बाहेरची हवा

आमच्या घरी शेत नव्हतं, बैल नव्हते, पण अंगणात मोटार होती. हे कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या लुगड्याकडे पाहतो, म्हणून खुलासा आधीच करून टाकते. मोटार आमची नव्हती, लाकडाच्या एका ठेकेदाराची होती. बा तिचा ड्रायव्हर. ठेकेदार राहायचा चांद्याला, त्याचं जंगल आमच्या अहेरीच्या पुढे. पंधरवड्यातून एकदा त्याला आणायचं, जंगलातून फिरवायचं आणि परत नेऊन सोडायचं, एवढं बाचं काम. मधले दिवस मोटार आमच्याकडे, मोहाच्या झाडाखाली. आम्ही ढिवर. बाचा बाप, आजा, सगळे प्राणहितेत डोंगे चालवत आणि जाळी टाकत आले. बाही तेच करत होता. मग एकदा दोन डोंगे जोडून, त्यावर फळ्या टाकून ठेकेदाराची मोटार नदीपार करायची वेळ आली. मोटार हलू नये म्हणून कुणीतरी आत बसून ब्रेक दाबून धरायला हवा होता, तो बानं धरला. "बसला थो बसलाच, अजून उतरला नाई," असं माय म्हणायची. बा मोटारीला मोटार समजतच नव्हता, डोंगाच समजायचा. रोज सकाळी उठून तिच्या बुडाखाली वाकून पाहायचा, कुठे पाझरते का ते.

मार्चात आमच्याकडे पहाट मोहफुलांच्या आवाजानं व्हायची. जमिनीवर पडणारं फूल वाजत नाही, पण मोटारीच्या टपावर पडलेलं वाजतं. टप, टप, मग जरा थांबून तीन-चार एकदम. मी त्या आवाजावर उठायची आणि कंदील लावून पुस्तक उघडायची. माय तोवर चुलीपाशी असायची. आदल्या दिवशीच्या भाताची पेज, तिच्यात मीठ, सोबत भाजलेला सुका झिंगा आणि जवसाची चटणी. आजही मला परीक्षा म्हटलं की शाईचा नाही, भाजलेल्या झिंग्याचा वास येतो. माझ्या वह्यासुद्धा घरीच व्हायच्या. गुरुजी शाळेतले कोरे ताव द्यायचे, आणि माय जुन्या खोक्यांचे पुठ्ठे लावून जाळ्याच्या दोऱ्यानं त्या शिवून द्यायची. तिला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण शिवण अशी की वही फाटेल, दोरा तुटायचा नाही. हा दोरा पुढे फार महागात पडला.

मी मॅट्रिकला बसत होते, आणि बाहेरून बसत होते. शाळेत जाऊन नाही, घरी अभ्यास करून. माझा फॉर्म गुरुजींनी भरला होता. आमच्या वस्तीत मॅट्रिकला बसलेली पोरगीच काय, पोरगाही नव्हता. परीक्षा चांद्याला, राहायचं आत्याकडे. ठेकेदाराला आणायला बा त्याच सुमारास रिकामी मोटार घेऊन जाणार होता, तेव्हा मला न्यायची सोय आपोआप झाली होती. प्रवासी नेणारी एक सर्व्हिस मोटार होती, पण ती त्या आठवड्यात आष्टीच्या अलीकडे चाक काढून बसली होती. म्हणजे बाची मोटार, नाहीतर काही नाही. आणि या मार्चात बसले नाही तर पुढच्या मार्चापर्यंत मी सिरोंच्याकडच्या एका स्थळाच्या घरी भात रांधत असणार, हे मला, मायला आणि आमच्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

परीक्षेला चार दिवस असताना, बाजाराच्या दिवशी, गफूर मिस्त्री आला. हा बल्लारशाकडून लाकडाच्या ट्रकांबरोबर यायचा, बाजार होईपर्यंत दोन-तीन गाड्या दुरुस्त करायचा आणि ट्रक निघाला की त्याच ट्रकात उडी मारून परत. मोटार पेट्रोल जास्त पिते अशी बाची तक्रार होती. मिस्त्रीनं कारबेटर काढला, म्हणजे पेट्रोल आणि हवा जिथे एकत्र होऊन इंजिनात जातात तो लोखंडी डबा. आतून धुतला, फुंकला, पुसला. परत बसवताना त्याच्याखालची पुठ्ठ्याची चकती फाटकी निघाली. दोन लोखंडांच्या मधे अशी चकती दाबून बसवतात, सांधा बंद राहावा म्हणून. तिला तो जाइंट म्हणायचा. "बेटी, एक साफ पुठ्ठा दे," तो मला म्हणाला. घरात साफ पुठ्ठे होते ते माझ्या वह्यांचे. भूमितीच्या वहीचा पुठ्ठा सगळ्यात जाड आणि गुळगुळीत होता, म्हणून तो मी दिला नाही. भूगोलाच्या जुन्या वहीचा दिला, तोही कडेचा, शिवणीकडचा तुकडा. चिकटपणा आमच्या घरात कुणात नव्हता, माझ्यातच तो कुठून आला कोण जाणे. मिस्त्रीनं न पाहताच कात्रीनं चकती कापली, कारण तिकडे ट्रक भोंगा वाजवत होता.

मोटार सुरू झाली ती वेगळ्याच आवाजात. पूर्वी ती उभी असली की एका सुरात गुरगुरायची. आता दोनदा गुरगुरली, एकदा अडखळली, सगळं अंग हलवलं आणि बंद पडली. बानं परत चालू केली. परत तेच. पाय दाबून धरला की बरी चालायची, पाय सोडला की ठेचकाळायची, मधेच कारबेटरमधून फट्ट करून शिंकायची. मिस्त्री तोवर ट्रकवर चढला होता. त्यानं हालत्या ट्रकातून कान देऊन ऐकलं आणि दोन्ही हात तोंडापाशी धरून बाला ओरडून सांगितलं, "सोमाभाऊ, बाहेरची हवा घेऊन राह्यली! जाइंट पाहा, जाइंट!" ट्रक वळला आणि धूळ उडाली.

हे शब्द पुढे कळले; तेव्हा मोटारीच्या आवाजात बाला आणि मला काही ऐकू आलं नाही. पण माय कुडाच्या पलीकडे मासे साफ करत होती, तिनं ऐकलं, आणि तिला हवं तेवढंच ऐकलं. ती विळा हातात घेऊनच बाहेर आली.

"आयकलं का? मिस्त्री सांगून गेला. बाहेरची हवा लागली मोटारीले."

"थो कायले असं म्हणन?" बा म्हणाला.

"म्या माह्या कानानं आयकलं. बाहेरची हवा हाय, आन् थे जाईन म्हणते. जाईन, जाईन असं दोनदा म्हणला थो."

आता आमच्याकडे बाहेरची हवा म्हणजे काय, हे सांगायला नको. लेकरू दूध टाकतं, बाई घुमायला लागते, धडधाकट माणूस उभ्या उभ्या थरथरतो, ती बाहेरची हवा. आणि मोटार तर उभ्या उभ्या थरथरतच होती. संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या चार जणी येऊन पाहून गेल्या. एकीनं लांबूनच मीठ ओवाळलं. दुसरी म्हणाली, "हे मोटार रातच्याला घाटावरून आली असन, थिथीच धरलं." मायनं त्याच संध्याकाळी निकाल दिला: बाधा झालेल्या मोटारीत तिची पोरगी बसणार नाही. परीक्षा पुढच्या वर्षीही येते, पोरगी येत नाही.

मी रडले, जेवले नाही, मग भूक लागल्यावर गुपचूप झिंगे खाल्ले. बा मोटारीभोवती फिरत होता. त्याला चालवता येत होती, उघडता येत नव्हती. त्यानं प्लग काढून पुसले, पेट्रोलची नळी फुंकली, पाणी बदललं, आणि शेवटी तिच्याशी बोलूनही पाहिलं. मला म्हणाला, "पळवली तं चालते, शेवंता. पण आष्टीच्या नदीत रेतीतून मुंगीसारखं न्या लागते. थिथी बंद पडली तं बसलो मंग परीक्षा देत." मी त्याला विचारलं, मिस्त्री खरंच काय म्हणाला असेल? त्याला माहीत नव्हतं. मला मात्र त्या 'जाईन'चा संशय यायला लागला होता. सकाळी मिस्त्रीच्या तोंडून तो शब्द मी दहादा ऐकला होता. जाईन कसलं, जाइंट. आणि जाइंट म्हणाला असेल तर हवा म्हणजेही साधी हवाच. मी बाला म्हटलं, बा, डोंग्याला भोक पडलं की पाणी आत येतं. तसंच याच्यात कुठूनतरी हवा आत शिरत असेल, नको तिथून. बानं माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं की मला लाज वाटली.

"पण डोंग्याचं भोक दिसते वं, पानी दिसते. हवा कशी दिसन?"

याचं उत्तर पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातही नव्हतं. मी कंदिलाच्या उजेडात सगळं पाहिलं होतं.

उत्तर तिसऱ्या दिवशी सकाळी पायी चालत आलं. मायनं जंगलातल्या टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, लालसू पुजाऱ्याला बोलावणं धाडलं होतं. हा माडिया म्हातारा, अंगानं वाळका, डोक्याला लाल फडकं, आणि चेहरा असा की सगळ्या जगाची गंमत त्याला आधीच कळलेली आहे. आमच्याकडे ताप आला तरी तो, म्हैस हरवली तरी तो. त्यानं आधी पेज प्यायली. मग मोटारीभोवती एक फेरी मारली आणि बाला विचारलं, "कधीपासून?"

"मिस्त्रीनं खोलली तवापासून."

"त्याच्या आदी बरी होती?"

"एकदम बरी."

"मंग कायले घाबरता?" लालसू म्हणाला. "जे शिरली थे कुठूनतरी शिरली. जिथून शिरली तिथूनच निघते. दारोजा सापडला पायजे."

मी आणि बानं एकमेकांकडे पाहिलं. मायनं आपल्या बाजूनं काय ऐकलं कोण जाणे, ती हात जोडून उभी होती.

लालसूनं खापरात विस्तव घेतला, त्यावर राळ टाकली. मोटारीचं झाकण उघडून बानं इंजिन चालू केलं, ते नेहमीसारखं ठेचाळत, शिंकत चालू राहिलं. आज आठवलं की अंगावर काटा येतो. पेट्रोलच्या डब्याशेजारी विस्तव! बानं ओलं पोतं हातात धरलं होतं, एवढाच काय तो आमचा बंदोबस्त. पण धूर जागेवर राहीना. इंजिनासमोरचा पंखा तो सगळा उचलून लालसूच्याच डोळ्यांत घालत होता. म्हातारा खोकून खोकून बेजार झाला. "हे काय चक्री लावली? बंद कर!" तो ओरडला. आता पंखा हा बाधेचा भाग नाही, मोटारीचाच अवयव आहे हे त्याला कोण सांगणार? बानं विचार केला, दोन मिनिटांनी काही इंजिन तापत नाही, आणि मोटार बंद करून पंख्याचा पट्टा उतरवला. पुन्हा चालू केली. धूर आता सरळ, शहाण्यासारखा वर जायला लागला.

लालसू खापर हळूहळू फिरवत होता, तोंडानं माडियात काही पुटपुटत होता. मी वाकून पाहत होते, कारण मला मंत्र समजत नव्हता आणि धूर दिसत होता. खापर कारबेटरच्या खाली आलं तेव्हा सगळा धूर वर गेला, पण त्यातली एक बारीक वात मधूनच वळली आणि दोन लोखंडांच्या सांध्यात शिरली. कुणीतरी आतून ओढून घेत असल्यासारखी. मी किंचाळलेच.

"बा! थे पाय! पिऊन राह्यली!"

बा धावला. लालसूनं खापर परत तिथे धरलं, वात परत वळली, परत आत. बानं बोटावर चिकट ग्रीस घेतलं आणि त्या जागेवर दाबून धरलं. आणि मोटार शांत झाली. म्हणजे बंद नाही पडली; ठेचकाळणं थांबलं, शिंका थांबल्या, आणि पूर्वीसारखी एका सुरात गुरगुरायला लागली. बानं बोट काढलं, थरथर सुरू. बोट लावलं, थांबली. त्यानं असं पाच-सहा वेळा केलं, त्याला मजा यायला लागली होती. माय लालसूच्या पाया पडली. लालसू म्हणाला, "म्या म्हटलं नाई? दारोजा."

परवा नागपुरात नातवाची गाडी अशीच अडखळायला लागली. गॅरेजमधल्या पोरानं तिला आधी एक कॉम्प्युटर लावला, मग एक यंत्र आणलं, त्याची नळी इंजिनाला जोडली आणि इंजिनात धूर सोडला. "आजी, जिथून धूर बाहेर येईल ना, तिथे लीक," तो मला समजावून सांगत होता. मी इतकी हसले की नातवानं मला खुर्ची आणून दिली. त्या पोराला मी विचारलं, यंत्र केवढ्याला पडलं? लालसूला आमच्याकडून एक कोंबडा गेला होता, आणि तो म्हातारा त्यावर फार खूश होता.

मोटार गार झाल्यावर बानं कारबेटर काढला. इतके दिवस तो उघडायला भीत होता, पण आता भोक दिसलं होतं, आणि भोक दिसलं की ढिवर भीत नाही. खालून ती माझी चकती निघाली. भूगोलाची. तिच्या एका कडेला, बरोबर जिथे धूर शिरत होता तिथे, शिवणीचा एक टाका राहिलेला होता. जाळ्याचा दोरा, पीळदार, न तुटणारा. त्यानं दोन लोखंडांना एकमेकांना नीट टेकूच दिलं नव्हतं. बानं तो दोरा नखानं काढला, मायसमोर धरला आणि हसू दाबत म्हणाला, "घे. बाहेरची नाई, घरचीच निघाली."

मायनं दोरा ओळखला. आधी तिच्या कपाळावर आठी पडली, मग ती माझ्याकडे वळली. "शिवणीचा तुकडा कायले देल्ला वं? चांगला पुठ्ठा काय परीक्षेले बसनार होता?" मी आत गेले, भूमितीची वही उचलली आणि तिचा पुठ्ठा कापून आणला. बानं जुनी चकती त्यावर ठेवून कोळशानं आखली, मी कातरली. मग बानं तिला दोन्ही बाजूंनी धुण्याचा साबण ओला करून चोळला. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, ही एक गोष्ट त्याला ट्रकवाल्यांकडून माहीत होती. नट आवळताना माझे हात त्याच्या हातांपेक्षा बारीक म्हणून खालचे दोन मी आवळले. त्या काळ्या तेलानं माझी बोटं जी रंगली ती राखेनं घासूनही निघेनात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. मोटार उभी होती, गुरगुरत होती, कुठे ठेच नाही. वस्तीतल्या चारही जणी हजर होत्या. मायनं माझ्या मांडीवर भाताचं गाठोडं ठेवलं, माशांचं वेगळं ठेवलं, आणि मग दारातून हात काढीना. मला वाटलं, अजून काही ओवाळायचं राहिलं असेल. ती म्हणाली, "मोटारीची हवा लालसूभाऊनं काहाडली. तुले चांद्याची हवा लागली तं मी कोणाले बोलावू, सांग." आणि रडायला लागली. मी सतरा वर्षांची होते, मला राग आला. चार दिवस मला वाटत होतं की ती भुताला भिते आहे. ती मला भीत होती, माझ्या जाण्याला, हे मोटार वळणावर जाईपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नाही. तेव्हा मी मान बाहेर काढून पाहिलं, पण धूळ फार होती. माय गेल्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. त्या वेळी मी खाली उतरून तिला मिठी मारायला हवी होती, एवढंच मला इथे लिहून ठेवायचं आहे.

आष्टीची रेती बानं जीव मुठीत धरून पार केली. मोटार मुंगीसारखी चालली आणि एकदाही अडखळली नाही. रात्र आत्याकडे काढली आणि सकाळी बानं मला परीक्षेच्या शाळेशी सोडलं. फाटकासमोर कडुनिंब होता, त्याखाली मोटार उभी केली. मी आत गेले. खोलीत सगळी पोरं, पोरी तीन, त्यांत पायात चपला नसलेली मी एकटी. हातात प्रश्नपत्रिका आली आणि डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. पहिला प्रश्न तीनदा वाचला, काही कळेना. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. बानं मोटार बंदच केली नव्हती. कडुनिंबाखाली ती एका सुरात गुरगुरत होती. मी तो आवाज ऐकत बसले, आणि मग कधीतरी लिहायला लागले.

थोड्या वेळानं देखरेखीवरचे मास्तर दारातून आत आले, बाकांच्या रांगेतून चालत सगळ्यांचे हात पाहत माझ्यापाशी थांबले, माझ्या काळ्या बोटांकडे पाहिलं आणि परत बाहेर गेले. मला वाटलं, आता हात धुवायला उठवतात. काही झालं नाही. मग मोटारीचा आवाज एकाएकी थांबला. चकती फाटली, साबण वितळला, काय काय मनात आलं. मग म्हटलं, पडली तर पडो. आता थांबायचं नाही.

पेपर देऊन धावतच फाटकाबाहेर आले. बा मोटारीला टेकून बिडी ओढत होता.

"बा, बंद पडली का?"

"नाई वं, बंद केली. थो मास्तर आला होता बाहिर. म्हणे, मोटार बंद करा, पोट्टे लिहून राह्यले. म्या म्हटलं, माही पोरगी अंदर हाय, थिले आयकू आलं पायजे का मोटार बरी हाय. थो म्हणे, तुमची कोणती? म्या म्हटलं, बोटं काळी असन थे. मंग थो गेला अंदर, पाहून आला." बानं बिडी विझवली. "म्हणे, खाली मान घालून लिहून राह्यली. मंग केली बंद."